चष्मा, कानाचं मशीन आणि एका डॉक्टरची चाळीस वर्षं

घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर डॉ. शॅरन इनोये हे नाव माहीत असू द्या. या अमेरिकेतल्या डॉक्टर, आधी येल आणि आता हार्वर्डला प्राध्यापक. त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच प्रश्नाला दिली: घरी चांगलं बोलतं-चालतं म्हातारं माणूस दवाखान्यात गेल्यावर अचानक भ्रमिष्टासारखं का वागतं?

याला डिलिरियम म्हणतात. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ठाण्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. आयसीयूत नेताना तिचा चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हातात दिलं, "हरवलं तर आमची जबाबदारी नाही". दुसऱ्या रात्री ती सलाईनची नळी ओढायला लागली, कधीच गेलेल्या मामाला हाका मारायला लागली. हात बँडेजने कॉटला बांधले. विचारलं तर उत्तर मिळालं, "वय झालंय, असं होतंच." शहाऐंशी वर्षांची बाई, नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र कळत नाही, आणि कुणीतरी येऊन हात बांधतंय. घाबरणार नाही तर काय करेल?

"असं होतंच" हे इनोये यांनी मान्य केलं नाही. 1990 साली त्यांनी डिलिरियम ओळखण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. बदल अचानक झालाय का आणि कमी-जास्त होतोय का, लक्ष टिकतंय का, बोलणं विस्कळीत आहे का, शुद्धीत फरक आहे का, एवढंच बघायचं. मग 1999 मध्ये सत्तरीपुढच्या 852 रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यातले उपाय वाचून मला रडू आलं. चष्मा लावा, कानाचं मशीन घाला, पाणी पाजा, लवकर उठवून चालवा, आज कोणता वार ते सांगत राहा, रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध द्या, पाठ चोळा. एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 9.9 टक्क्यांवर आलं. आणखी एक गोष्ट दिसली: एकदा डिलिरियम झाला की या उपायांनी त्याची तीव्रता कमी होत नाही. म्हणजे सगळा जोर आधीच लावायला हवा. आणि सगळेच पेशंट आरडाओरडा करतात असं नाही. काही नुसते गप्प पडून राहतात, आपल्याला वाटतं शांत झोपलेत. ते तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

अशा संशोधनात नवं औषध नाही, महागडं मशीन नाही, त्यामुळे झगमगाटही नाही. म्हणूनच ते करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे चेन्नईला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 साली सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, तेव्हा हा विषय कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हुशार मुलं एमबीबीएसनंतर हृदय, मेंदू, त्वचा निवडतात. कळव्याच्या मेडिकल कॉलेजमधली मुलं ही पोस्ट वाचत असतील तर त्यांना कळकळीने सांगते, या विषयाकडे बघा. ठाण्यात तुमचे पेशंट सकाळी कचराळी तलावावर शेकड्याने फिरताना दिसतील.

अमेरिकेत हे उपाय रुग्णालयात राबवण्याच्या इनोये यांच्या कार्यक्रमासाठी स्वयंसेवक शोधून, शिकवून पेशंटजवळ बसवावे लागले. आपल्याकडे मुलगी, सून, नात बाहेरच्या बाकावर रात्रंदिवस बसलेली असते आणि आपण तिला फक्त भेटण्याच्या वेळेत आत सोडतो! संसर्गाची भीती मला कळते. पण हात धुऊन, गाऊन घालून घरचं एक माणूस उशाशी बसू दिलं तर नर्सचा भार हलकाच होईल.

आईला वॉर्डात आणल्यावर भावाने आधी चष्मा लावला, मग मशीन. तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "तू जेवलास का?" पूर्ण भानावर यायला पुढे बरेच दिवस गेले.

ठाण्यातल्या एक-दोन हॉस्पिटलांना मी याबद्दल पत्र लिहिणार आहे: चष्मा आणि कानाचं मशीन पेशंटजवळच राहू द्या, त्यावर नावाची पट्टी लावा, आणि दिवसा एका नातेवाइकाला आत बसू द्या. निवृत्त नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर कुणी सोबत सही करणार असाल तर मला मेसेज करा. मसुदा तयार आहे.