सापाच्या लशीचा साठा गावाला माहीत असला पाहिजे

सर्पदंशाने कुणी दगावलं की गावात एकच प्रश्न विचारला जातो: सरकारी दवाखान्यात लस होती का? प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर थांबलं की खरं कारण हाती लागत नाही. त्या रात्री जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात लशीच्या किती कुप्या होत्या, त्या द्यायला डॉक्टर हजर होते का, आणि हे गावात कुणाला ठाऊक होतं का, हेही विचारायला हवं. ही माहिती दवाखान्याच्या रजिस्टरात पडून राहते तोवर नुसता साठा वाढवून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये आणला. आराखडा दिल्लीत झाला, पण साप चावतो तो शेताच्या बांधावर आणि घरातल्या अंथरुणात.

आधी साठ्याचं बोलू. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण लस सापाने सोडलेल्या विषाला मारण्यासाठी असते, रुग्णाच्या वजनावर ती ठरत नाही. घोणस किंवा फुरसं चावलं असेल आणि पहिल्या डोसनंतर सहा तासांनीही रक्त गोठत नसेल, तर आणखी १०. आता ज्या केंद्रात ‘साठा: ४ कुप्या’ लिहिलंय, तिथे कागदावर लस आहे, पण एकाही रुग्णाच्या पहिल्या डोसची सोय नाही. म्हणून दर्शनी फलकावर कुप्यांचा आकडा लिहावा आणि शेजारी ‘किती रुग्णांना पुरेल’ हेही लिहावं. मुदत कधी संपते, लस पावडरची आहे की पातळ, हेही हवं. पावडर थंड, कोरड्या जागी टिकते, पातळ लशीला २ ते ८ अंशांचा फ्रीज लागतो. वीज आठ-आठ तास जाते तिथे हा फरक फार मोठा आहे. त्याच फलकावर लशीच्या रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रिनॅलिन, विषाने स्नायू लुळे पडू लागले की द्यायची निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन, श्वास देणारी अंबू बॅग आणि रात्री कोण ड्युटीवर, तेही असावं.

औषध निर्माण अधिकाऱ्याने दर सोमवारी या फलकाचा फोटो आशाताई, सरपंच, पोलीस पाटील आणि सर्पमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा. शेजारच्या केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचाही त्यातच यावा. पाच मिनिटांचं काम आहे. मात्र ग्रुपवर रुग्णाचं नाव किंवा फोटो कदापि येऊ नये, हा नियम पहिल्या दिवशीच घालून घ्यावा.

फलकावर आणखी एक साधी वस्तू हवीच: काचेच्या परीक्षानळ्या. रक्तावर विषाचा परिणाम झालाय का, हे ओळखायला शिरेतून काढलेलं २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालतात, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरकी करतात. रक्त पातळ वाहिलं तर विष भिनलंय. नळी प्लास्टिकची असेल तर निरोगी माणसाचं रक्तही त्यात वेळेत गोठत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही तसाच चुकीचा निकाल देते. मग गरज नसताना लस जाते, किंवा निकालावरचा डॉक्टरांचा विश्वासच उडतो. या नळ्या स्वस्त आहेत. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून त्या सहज घेता येतात, फक्त बैठकीत कुणीतरी विषय काढायला हवा.

मण्यारची गोष्ट वेगळी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात आणि गिळता येईनासं होतं. घरचे पित्त समजून बसतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की थेट दवाखाना, हे घराघरात पोचवायचं काम आशाताईंइतकं चांगलं कुणी करू शकत नाही. चावलेला भाग हलवू नये, दोरी आवळू नये, चिरा देऊ नये. आधीच आवळली असेल तर वाटेत झटक्यात सोडू नये. अडलेलं विष एकदम अंगात पसरतं, म्हणून ती दवाखान्यात लस तयार ठेवूनच सोडायची. भगताला शत्रू करण्यापेक्षा त्यालाच बैठकीला बोलवावं आणि ‘आधी १०८ ला फोन, मग मंत्र’ एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्यावं.

केंद्रातली मोठी त्रुटी म्हणजे पहिला डोस न देताच ‘रेफर’ करणं. लशीची रिअ‍ॅक्शन येईल ही डॉक्टरांची भीती खरी आहे, ती येतेही. पण रिअ‍ॅक्शन आली की लस थांबवून मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन देता येतं आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करता येते. जिल्ह्याच्या वाटेवर जाणारे दोन तास परत मिळत नाहीत. पाठवायचंच असेल तर चिठ्ठीवर चावल्याची वेळ, लस सुरू केल्याची वेळ, किती कुप्या दिल्या, नळीचा निकाल आणि श्वास कसा होता, एवढं लिहिलंच पाहिजे. ‘सर्पदंश, पुढील उपचारार्थ’ एवढ्याने पुढच्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आणि दर सर्पदंशानंतर, रुग्ण वाचला तरीही, पंधरा दिवसांत ग्राम आरोग्य समितीने वैद्यकीय अधिकारी, आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक आणि नातेवाइकांना एकत्र बसवून वेळापत्रक मांडावं: चावला कधी, घरातून निघाले कधी, गाडी आली कधी, पहिली कुपी लागली कधी. सर्वांत जास्त वेळ कुठे गेला ते शोधून तेवढीच एक गोष्ट पुढच्या महिन्यापर्यंत दुरुस्त करायची. कुणाला निलंबित करा ही मागणी या बैठकीत आणू नये, नाहीतर पुढच्या वेळी खऱ्या वेळा कुणीच सांगणार नाही.