साइटवर गर्दी

काल रात्री साडेनऊला माझ्या वेबसाइटवर एकाच वेळी 21 माणसं होती. हा आकडा ज्यांना किरकोळ वाटत असेल त्यांनी कोकणातला माल डोंबिवलीत बसून ऑनलाइन विकून बघावा. एरवी अख्ख्या दिवसात सहा जण येतात. त्यातला एक मी. मी उष्ट्या हातानेच ताटावरून उठलो आणि मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला. ती तिच्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "हात धुवा आधी."

धंदा साधा आहे. आत्या राजापूरजवळ गावात कोकमाचं आगळ, आमसुलं, मेतकूट, कुळथाचं पीठ करते, मी इथून विकतो. साइट भाच्याने एका रविवारी बनवून दिली. ती आहे हे जगाला सांगायला मात्र मी दीड वर्ष झटतोय. पेपरात घालून पत्रकं वाटली. भाचीच्या लग्नात आहेराच्या पिशव्यांवर क्यूआर कोड चिकटवला. बऱ्याच जणांनी तो पैसे मागायचा समजून पिशवी उलटी करून धरली. गूगलच्या नकाशावर दुकान दिसावं म्हणून पलंगाखालच्या खोक्यांचा व्हिडिओ काढून पाठवला. त्यात बायकोचे पाय आले. ते तिला अजून पटलेलं नाही.

शिवाय फोन येतात. "सर, आपकी वेबसाइट गूगल के फर्स्ट पेज पे नहीं है, तीस दिन में गॅरंटी." पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलने लिहून ठेवलंय. पण हे मी वाचलं 3,500 रुपये भरल्यानंतर. त्या पैशात त्या माणसाने पानाच्या पोटात, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर टाकतात त्या शब्दांची, लांबलचक यादी भरली. ती यादी आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गूगलने 2009 साली जाहीर केलं होतं. म्हणजे त्याने मला मुदत संपलेलं औषध विकलं, आणि मी ते नियमाने घेतलं.

बरं, कीवर्ड तरी कोणता? तो म्हणाला, "एकच शब्द पकडा." कोकमाचं फळ एकच, पण रत्नागिरीकडे त्याला रातांबा म्हणतात, मालवणात आणि गोव्यात भिरंड. साल रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल, नाहीतर सोल. रसात मीठ घातलं की आगळ. साखर घातली की सरबत, आणि पुण्याचं गिऱ्हाईक आगळ मागवून फोन करतं की तुमचं सरबत खारट आहे. त्यात लोक हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, ज्याला जसं सुचेल तसं. आत्याला एप्रिल-मेमध्ये उन्हात पाठ भाजत, पाऊस यायच्या आत सगळं वाळवायचं असतं. तिला मी 'एकच शब्द पकड' असं सांगायला गेलो असतो तर तिने रातांबाच फेकून मारला असता.

आता त्या सहा जणांविषयी. एक मी, एक बायको. तिघं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या ॲशबर्न गावचे, रोज, न चुकता. मी किती हरखलो होतो! तिथे मराठी मंडळ असणार, सोलकढीवाचून तडफडत असणार. आत्याने गावभर सांगितलं की आपला माल अमेरिकेत बघतात. मग भाच्याने सांगितलं की ॲशबर्नला संगणकांची मोठमोठी गोदामं आहेत आणि तिथून येतात ती माणसं नसतात, यंत्रं असतात. आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

उरला सहावा. ठिकाण डोंबिवली, रोज सकाळी सव्वासहा, मुक्काम सरासरी 47 मिनिटं. साइटवर एकूण पानं आठ. 47 मिनिटं माणूस करतो काय? मी त्याच्यावर जीव टाकला. हा कोणीतरी मोठा व्यापारी असणार, दर ताडून बघतोय, एक दिवस शंभर बाटल्यांची ऑर्डर देणार.

ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे सर निघाले.

सर म्हणजे 34 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. एकदा जिन्यात गाठ पडली. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून मेथी डोकावत होती.

"तुझं संकेतस्थळ वाचतो मी रोज," ते म्हणाले.

"हो का सर? कसं वाटलं?"

"वेदना झाल्या." पिशवी त्यांनी कठड्याला अडकवली. लांबण लागणार हे मी तिथेच ओळखलं. "आमसुल. मेतकुट. कुळिथ. पिठ. अरे, चार जिन्नस विकतोस आणि नावांत चार चुका करतोस? अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ. आमसूल. मेतकूट. कुळीथ. पीठ. 1962चे नियम आहेत, काल नाही झालेले."

"सर, लोक असंच टाइप करतात. आपण तसं लिहिलं की गूगलवर सापडतो."

सरांनी चष्मा काढला. "लोक चुकीचं शोधतात म्हणून तू चुकीचा सापडणार?"

याला उत्तर नाही. तरी धंद्यातला माणूस मी, म्हणून एक फट शोधली. "पण सर, आमसुलाचं सार लिहितो तेव्हा 'सु' ऱ्हस्वच असतो ना?"

इथे मी फसलो. सरांचा चेहरा असा उजळला की निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी शंका विचारली असावी. "सामान्यरूप!" ते जवळजवळ ओरडले. मग आमसूल-आमसुलाचं, कुळीथ-कुळथाचं, पीठ-पिठाचं असं करत वीस मिनिटं गेली. वरून माणसं खाली गेली, खालून दूध घेऊन वर आली. मेथीने मान टाकली. शेवटी मी म्हटलं, "सर, एक बाटली आगळ देऊ का घरी?"

"छे रे, मला गुहागरहून बहीण पाठवते."

म्हणजे 47 मिनिटं गुणिले दीड वर्ष, आणि खरेदी शून्य. वर सोसायटीच्या ग्रुपवर मी एकदा, एकदाच, साइटची लिंक टाकली तर चेअरमननी लिहिलं, "कृपया वैयक्तिक जाहिराती टाकू नयेत." खाली अकरा अंगठे. हेच लोक गणपतीत मंडपात खुर्च्या टाकून मराठी माणूस धंद्यात मागे का पडतो यावर बोलतात, आणि बोलून घसा सुकला की मला म्हणतात, "सॅम्पल आण की." रागाने मी तो ग्रुप म्यूट करून ठेवलाय.

तर काल रात्री 21. मग 24. दहा मिनिटांत 29. ऑर्डर एकही नाही. मला वाटलं पैसे भरायची सोय बंद पडली असणार, म्हणून भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सगळं चालू आहे. 29 जण आहेत, 26 डोंबिवलीचे. तुमच्या बिल्डिंगमध्ये काही आहे का?"

मी ग्रुप उघडला. सरांचा संदेश होता: "मराठी भाषा सराव स्पर्धा. पुढील संकेतस्थळावरील शुद्धलेखनाच्या चुका ओळखा. वेळ रात्री 9 ते 10. सर्वाधिक चुका शोधणाऱ्यास आगळाची एक बाटली." खाली माझी लिंक. तिच्याखाली चेअरमनचं, "स्तुत्य उपक्रम."

बायकोकडे बघितलं. तिच्यासमोर माझी साइट उघडी, हातात पेन्सिल, ताटाशेजारी गॅसच्या बिलामागे 24 चुका लिहिलेल्या.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"आपल्या पलंगाखाली 40 बाटल्या आहेत!"

"त्या विकायच्या. ही बक्षिसाची."

आज सकाळी सात वाजता बेल. सर दारात. "बाटली दे. चेअरमन जिंकले, 26. माझ्या हिशेबाने 23च होत्या, पण तीन त्यांनी वाद घालून मिळवल्या."

"बक्षीस माझ्याकडून?"

"मग कोणाकडून? जाहिरात कोणाची झाली? गर्दी हवी होती ना तुला? एक पैसा न घेता आणून दिली."

"सर, त्या गर्दीतल्या एकानेही काही विकत घेतलं नाही हो."

"परीक्षेला बसलेला मुलगा शाळेच्या भिंतीचा रंग बघतो का?"

मी बाटली दिली. 180 रुपयांची. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुण्याला अशी एक बाटली पाठवायला कुरिअरवाला तिच्या निम्मे पैसे घेतो आणि वर गळकी पोचवतो. ते सोसून महिन्यात आठ-दहा बाटल्या जातात, आणि दारात आलेला माणूस फुकट नेतो.

दुपारी मोबाइल वाजला. नकाशावरच्या माझ्या दुकानाला दीड वर्षातला पहिला अभिप्राय आला होता. चेअरमन. पाच पैकी तीन तारे. "आगळ बरे आहे. शुध्दलेखन सुधारावे."

काढून टाकायला सांगावं म्हणून तक्रारीची खिडकी उघडली. शिवीगाळ, भेदभाव, विषयाला सोडून, बरीच कारणं दिली आहेत. यातलं एकही लागू होत नव्हतं. तेवढ्यात लक्षात आलं की त्याने 'शुध्द' लिहिलंय! द आणि ध उलटे! मी तसाच, चप्पल न घालता, तिसऱ्या मजल्यावर धावलो.

सरांनी मोबाइल लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं.

"चूक आहे," ते म्हणाले.

"बघा!"

"पण आहे कोणाच्या दुकानाच्या नावाखाली?" त्यांनी खिशातून वही काढली, माझं पान उघडलं आणि लिहिलं, 24.