बोटीचा तळ कुणी बघत नाही

दाजींनी बोटीच्या मागच्या भिंतीला सहज म्हणून स्क्रू ड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. भिजलेल्या पावात सुरी जावी तसा. बाहेर ओढला तर टोकाला काळपट, कुबट वासाचा चोथा. आम्ही दोघं बराच वेळ गप्प उभे होतो. ते दाजी, मी मेहुणा, निम्मी-निम्मी भागीदारी. त्यामुळं शिवी कुणाला द्यायची हाही प्रश्नच होता.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे दिवाळीपासून तिघांनी विचारलंय, "बोट घ्यायचीय, कुठली चांगली? तुमच्याकडं आहे ना, म्हणून विचारतोय." तापोळा-बामणोली पट्ट्यात कोयनेच्या काठाला ज्यांनी शेतघरं बांधली, हॉटेलं काढली, त्यांना आता स्वतःची स्पीडबोट हवी असते. घ्या की. पण बोटीच्या बांधणीबद्दल बोटमालकाला विचारू नका. मलासुद्धा नको. त्या स्क्रू ड्रायव्हरच्या आधीची तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की आमच्या बोटीला तोड नाही.

खोटं बोलत नव्हतो, खरंच तसं वाटत होतं. मुंबईकडून आणलेली जुनी, सतरा फुटी फायबरची बोट. दोघांचे मिळून साडेचार लाख गेलेले. इकडं बायकोला, तिकडं ताईला पटवून आणलेली. एवढं केल्यावर खोट निघाली असती तर ती बोटीची नव्हे, आमच्या अकलेची निघाली असती. म्हणून बोट खडखडली की 'आज लाटा जोरात आहेत', फरशी पायाखाली दबली की 'एवढं चालायचंच'. पोराच्या प्रगतिपुस्तकासारखं असतं ते. मार्क कमी पडले की पेपर अवघड होता.

बामणोलीच्या धक्क्यावर चहा पीत बसलं की हे सगळ्यांचंच असतं हे कळतं. एक जण म्हणणार, परदेशी ती परदेशी. दुसरा म्हणणार, आपल्या किनारपट्टीवरची घ्या, जाड असते. तिसऱ्याला इंजिनापलीकडं काही दिसतच नाही; यामाहा आहे म्हटलं की त्याची बोट आपोआप भारी. अरे, इंजिन जपानी आहे, पण ते ज्या भिंतीला लटकलंय ती कुणी आणि कशाची केली? यावर चहा संपतो.

ह्या 'जाड असते'वर मला बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त लोक ह्यातच फसतात. फायबरचं काम करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये एकदा जाऊन बघा. साच्याला आधी मेण लावतात, मग जेलकोटचा रंगीत थर, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, वर रेझिन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. ताकद काचेत असते. रेझिन तिला धरून ठेवतं. हातानं केलेल्या साध्या मॅटच्या कामात वजनानं काच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते, विणलेलं जाड कापड वापरलं तर निम्म्याच्या जवळ जाते. काच महाग, मेहनतही जास्त. म्हणून कुणी मॅटचे दोन थर खाल्ले आणि रेझिन ओतून जाडी भरून काढली, तर बोट हाताला जाडच लागते. फक्त ती जड आणि ठिसूळ असते. सळई कमी टाकून सिमेंट जास्त ओतलेल्या स्लॅबसारखी.

आणि ज्या चकाकीवर आपण भाळतो तो जेलकोट असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. चकाकी साच्याच्या पॉलिशची. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आता आमच्या चोथ्याकडं येतो. इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. जुन्या फायबर बोटींत बहुतेक वेळा आत प्लाय असतो आणि दोन्ही बाजूंनी फायबर. तळाला मजबुती देणाऱ्या लांब पट्ट्या असतात, स्ट्रिंगर, त्यांच्या पोटातही पुष्कळदा लाकूडच. प्लाय कोरडा असेल तोवर वाईट काहीच नाही. पण इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायचं भोक, शिडीचे स्क्रू, जिथं जिथं छिद्र पाडलं तिथं ते आतून नीट बंद केलेलं नसेल, तर पाणी आत शिरतं आणि दोन फायबरच्या मध्ये कोंडून बसतं. वाळायला वाटच नाही. मग लाकूड कुजतं आणि वरून बोट तशीच चकचकीत दिसते.

माझं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. वीस वर्षं मी मरीन प्लाय विकतोय. म्हणजे ह्या प्रकरणात सगळ्यात मोठा गाढव मीच. गिऱ्हाइकाला सांगताना तोंडपाठ असतं, "आयएस ७१० आहे साहेब, ७२ तास उकळला तरी थर सुटत नाहीत." आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायचं सरकारी मानक, आणि खरंय ते. पण ती कसोटी थर धरून ठेवणाऱ्या गोंदाची. गोंद टिकला म्हणून लाकूड कुजायचं थांबत नाही. शिवाय शिक्का ७१० चा आणि माल भलताच, हाही प्रकार बाजारात आहे; तो मी नाकारला तर माझंच दुकान मला हसेल.

विकणाऱ्यानं आम्हाला छातीठोक सांगितलं होतं, "कोयनेचं गोडं पाणी, तुमच्या बोटीला काय होतंय? खारं असतं तर गोष्ट वेगळी." हे वाक्य आमच्याकडं सगळेच बोलतात. लोखंड, अॅल्युमिनियम, वायरिंग यांच्यापुरतं ते बरोबर. लाकडाच्या बाबतीत उलटं. खारं पाणी लाकडाला थोडंफार राखतं, बुरशीला मीठ मानवत नाही. गोडं पाणी, त्यातून पावसाचं, हे कुजवायला एक नंबर. आणि आपल्याकडं महाबळेश्वर-तापोळ्याच्या डोंगरात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पडतो. चार महिने बोट नुसती ताडपत्रीखाली, ताडपत्री वाऱ्यानं फाटलेली. फायबरच्या आत पाणी मुरून जेलकोटला फोड येतात तेही गोड्या पाण्यात लवकर येतात.

त्यात आमचा स्वतःचा शहाणपणा. आधी चाळीस अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक होतं. ते काढून साठचं फोर-स्ट्रोक बसवलं, आवाज कमी, तेलाचा धूर नाही. पण नवं इंजिन शंभर किलोच्या वर, जुन्याच्या जवळजवळ दीडपट. आधीच कुजत आलेल्या भिंतीवर ते लटकवलं, आणि जुनी भोकं जुळेनात म्हणून चार नवी पाडली. ती बुजवली कशानं? माझ्याच दुकानातल्या बाथरूमच्या सिलिकॉननं. आता सांगा, ह्यात बांधणाऱ्याचा दोष किती आणि आमचा किती?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. दाजींच्या वडिलांचं गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती, बांध, झाडांचे बुंधे वर येतात, काही वर येत नाहीत आणि हातभर पाण्याखाली दबा धरून बसतात. दाजींना ते ठाऊक. शनिवारी पुण्याहून येणाऱ्याला ठाऊक नसतात. अशा एकानं मे महिन्यात भरधाव बोट बुंध्यावर घातली, तळाला वीतभर चीर गेली, आणि तो धक्क्यावर येऊन सांगत सुटला की कंपनी चोर आहे, फायबर कागदासारखं आहे. त्याचं ऐकून दोघांनी त्या बनावटीची बोट घ्यायची रद्द केली. मी ती चीर बघितली होती. आतली वीण दिसत होती, थर भरपूर होते, आणि एवढा दणका खाऊनही बोट स्वतःच्या इंजिनावर परत आली. माझ्या मते ती जाहिरात होती. पण मालक रागात होता, आणि रागातला मालक म्हणजे प्रेमातल्या मालकासारखाच, भरवशाचा नाही.

फरशी उघडल्यावर आणखी एक सापडलं. बोट अलीकडं मागून बसायला लागली होती. आम्ही इंजिनाला आणि माझ्या पोटाला दोष देत होतो. फरशीखाली तरंगण्यासाठी म्हणून जो फोम भरला होता तो पाणी पिऊन दगड झालेला. एक लादी दोघांना उचलेना. चांगला फोम पाणी जवळजवळ पीत नाही. आमच्यात गादीवाल्याकडचा भरला होता की काय कोण जाणे. बोट बुडू नये म्हणून घातलेली वस्तूच तिला खाली ओढत होती. अमेरिकेतल्या बोस्टन व्हेलर ह्या कंपनीच्या मालकानं, डिक फिशरनं, १९६१ साली लाइफ मासिकासाठी तेरा फुटी बोटीत बसून ती करवतीनं मधोमध कापून घेतली होती आणि दोन्ही तुकडे तरंगत राहिले. दोन थरांमध्ये घट्ट भरलेला फोम ही त्यातली करामत. तिकडं २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना, आत पाणी भरलं तरी तरंगत राहतील अशी सोय ठेवणं कायद्यानंच भाग आहे. आमचीला करवत लावली असती तर आधी वास आला असता.

काही जण बोटीवरची सीई पाटी, म्हणजे युरोपातल्या नियमांत बसल्याची खूण, दाखवतात. दाखवा, पण वाचून दाखवा. त्यातल्या ए, बी, सी, डी ह्या परीक्षेतल्या श्रेणी नव्हेत. बोट कुठल्या पाण्यासाठी आखलीय एवढंच ते अक्षर सांगतं. सी म्हणजे दोन मीटरपर्यंतची लाट, डी म्हणजे छोटे तलाव, छोट्या नद्या. आपल्या शिवसागराला सी पुरे. ए वाली घेऊन कोयनेत मिरवणं म्हणजे कास रस्त्यावर रणगाडा. आणि क्लीट, म्हणजे दोर बांधायचा खुंटा, चार बोल्टांनी आतून पत्रा लावून बसवलाय की नुसता स्क्रूनं फायबरला डकवलाय, हे ते अक्षर सांगत नाही. तुम्हालाच आत हात घालून चाचपावं लागतं.

आमची भिंत शेवटी कोरेगावच्या बाजूच्या एका मिस्त्रीनं केली. तो एरवी टाक्या आणि देवळांचे कळस करतो. त्यानं आतलं फायबर कापलं, चोथा घमेल्यानं काढला, नवा प्लाय बसवायच्या आधी त्याला सगळीकडून रेझिन पाजलं. प्रत्येक भोक मोठं पाडून रेझिननं भरून मग त्यात परत बारीक भोक. एका भोकाला दोन दिवस. दाजी वैतागले, "आवो, भोकच हाय की, यज्ञ न्हवं." मिस्त्री म्हणाला, आधीच्यानं असंच म्हटलं असणार. त्याचं सगळं मला पटत नाही. कारखान्यातली प्रत्येक बोट त्याला बोगस वाटते, आणि हे खरं नाही. चांगल्या कारखान्यात रेझिन मोजून पडतं, शेडमधल्यासारखं अंदाजानं नाही. पण त्यानं एक शिकवलं. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तसं प्लॅस्टिकच्या हातोडीनं ट्रान्सम आणि तळ वाजवत जायचं. टणटण वाजलं तर ठीक. आवाज मेला, भद् झाला, तिथं थांबायचं.

मत विचारायचंच असेल तर पर्यटकांना वासोट्याला नेणाऱ्या नावाड्यांना विचारा. त्यांची बोट हंगामात रोज पाण्यात असते, तिच्यावर घर चालतं, आणि रविवारी मिरवायची वस्तू म्हणून तिच्यावर त्यांचं प्रेम नसतं. 'दोन वर्षांनी काय तुटलं' एवढंच विचारायचं. उत्तर पहिल्या वाक्यात मिळतं.

ज्या तिघांनी विचारलं होतं त्यांतल्या एकाला बामणोलीत एक वापरलेली बोट दाखवलीय. पांढरीशुभ्र, निळी पट्टी, नव्या सीट, फोटोत नवरीसारखी. मालक म्हणतो, एक रुपयाचं काम नाही. येत्या रविवारी बघायला जातोय, दाजीही येतायत. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं की हातोडी तुमी आणताय का मी आणू. कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेसहाला पोवई नाक्यावर थांबा, गाडीत दोन जागा आहेत.