मूळ संचातलं नाटक पुढच्या पिढीने कुठे पाहायचं?

ठाण्यात डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. शनिवार-रविवारी तिथे नाटकं लागतात, कॉलेजातली मुलं येतात, दारावरचं नाव वाचून आत जातात. त्यातल्या एखाद्याला घाणेकरांचा लाल्या पाहायचा असेल तर त्याने काय करायचं? त्यांचे सिनेमे आहेत, त्यांच्यावर निघालेला चरित्रपट आहे, आठवणी सांगणारी माणसं आहेत. लाल्याचं नाटक ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली रंगभूमीवर आलं, घाणेकर १९८६ साली गेले. मधल्या वीस वर्षांतला एखादा अख्खा प्रयोग, घंटेपासून शेवटचा पडदा पडेपर्यंत, मी पुष्कळ शोधला. मला तो मिळालेला नाही.

तलावपाळीवरचं दुसरं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे ते राम गणेश गडकरी १९१९ साली गेले. त्या काळच्या प्रयोगांची वर्णनं आणि तबकड्यांवरची पदं एवढंच आपल्या हाती उरलं, हे समजण्यासारखं आहे. तेव्हा साधनंच नव्हती. पण १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, पुढे घरोघरी व्हिडिओ आला, आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरीही मूळ संचातली नाटकं आपल्या हातून निसटत राहिली आणि आजही निसटतायत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

‘नाटक नाट्यगृहातच पाहायचं असतं, स्क्रीनवर पाहिलेलं नाटक हे नाटकच नाही,’ असं म्हणणारे माझे जवळचे मित्र आहेत. त्यांचं पहिलं म्हणणं मलाही मान्य आहे. तिसरी घंटा होऊन दिवे मंदावतात आणि आठशे-हजार माणसं एकदम गप्प होतात, ते घरी होत नाही. होणारही नाही. पण ज्या नाटकाचा संच मोडला, ज्यातले नट गेले, ते नाट्यगृहात पाहायला कुणी कुठे जायचं? त्याच्या बाबतीत निवड नाट्यगृह की स्क्रीन अशी नसतेच. स्क्रीनवर पाहायचं किंवा अजिबात पाहायचं नाही, एवढीच ती असते.

मी जुनी नाटकं ऑनलाइन पाहते आणि बहुतेक वेळा आईबरोबर पाहते. आई नौपाड्यात वाढली. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं तेव्हापासून तिचे कित्येक रविवार तिथे गेलेत. आता आम्ही घोडबंदर रोडला राहतो, तिचे गुडघे साथ देत नाहीत आणि ऐकूही कमी येतं. घरी आवाज वाढवता येतो, एखादं वाक्य निसटलं तर मागे जाता येतं. ती मध्येच थांबवायला सांगते आणि अमुक नटाने हीच जागा वेगळी कशी घेतली होती, ते करून दाखवते. अशा दोन तासांत नाटकाबद्दल मला जेवढं कळलंय तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं.

मात्र इतकी रेकॉर्डिंग्ज पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. नाटक चित्रित करणाऱ्याला नाटक कळत नसेल तर तो त्यातली नेमकी जान काढून घेतो.

‘तो मी नव्हेच’चं उदाहरण घ्या. आचार्य अत्र्यांचं हे नाटक ऑक्टोबर १९६२ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा झालं, दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं. फिरता रंगमंच ही त्याची मोठी ओळख. कोर्टात साक्ष सुरू होते, रंगमंच फिरतो आणि साक्षीदार सांगतो ती हकिगत समोर घडायला लागते. त्यात प्रभाकर पणशीकर दर वेळी वेगळ्या वेशात, वेगळ्या चालीचे, वेगळ्या बोलीचे. नाट्यगृहातला प्रेक्षक थक्क व्हायचा, कारण हाच माणूस आत्ता तिकडे आरोपीच्या पिंजऱ्यात होता हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. वेळ किती कमी होता हे त्याला ठाऊक असायचं. आता हे चित्रित करताना दोन प्रवेशांच्या मध्ये एक कट मारला की संपलं. कट दिसला की पाहणारा मनात म्हणतो, घेतला असेल अर्धा तास मेकअपला. पणशीकरांनी आयुष्यभर घाम गाळून मिळवलेली गोष्ट एका कटमध्ये जाते. तिथे कॅमेरा समोर गप्प उभा हवा आणि रंगमंच फिरताना दिसायला हवा. माझी भाची पहिल्यांदा हे नाटक पाहायला बसली तेव्हा मी तिला आधी एवढंच सांगितलं, की मधे काही थांबवलेलं नाही असं समजून बघ. नंतर ती पाहता पाहता सरळ बसली.

किंवा ‘घाशीराम कोतवाल’. डिसेंबर १९७२, तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. त्यात नेपथ्य म्हणजे माणसंच. ब्राह्मणांची ती डुलणारी रांग हीच भिंत आणि हाच पडदा. रांग पाठ फिरवते, उघडते, मिटते, आणि पुण्यात काय चाललंय व काय झाकलं जातंय ते तिच्यातूनच कळतं. अशा नाटकात मोहन आगाशेंच्या नाना फडणवीसाचा चेहरा जवळून दाखवायचा मोह कॅमेऱ्याला होणारच. पण चेहरा पडदाभर झाला की रांग गेली, आणि रांग गेली की नाटक गेलं. समोर नाना काय करतोय यापेक्षा त्या वेळी बाकीचे सगळे काय करतायत, हा तिथला खरा विषय आहे.

याच्या उलट लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एकटा माणूस, बावन्न पात्रं. तिथे जवळचा कॅमेरा उपकारच करतो. बाल्कनीतून जे कधी दिसलं नसतं ते दिसतं: एका पात्रातून दुसऱ्यात जाताना मान किती वळते, डोळे आधी बदलतात की ओठ. मी ते कितीही वेळा पाहू शकते.

व्हीसीडीच्या जमान्यात आणखी एक प्रकार होता. विनोदी नाटकं रिकाम्या स्टुडिओत चित्रित व्हायची. नट बिचारे सवयीप्रमाणे हशासाठी थांबायचे आणि हशा नसायचाच. त्या थांबण्यातली शांतता ऐकवत नाही. विनोदी नटाचं टायमिंग अर्धं प्रेक्षकांच्या हातात असतं. प्रेक्षक काढून घेतले तर उरतं ते पाठांतर. आणि व्हीसीडीच्या दुकानांत मिळायची ती बहुतेक विनोदीच नाटकं. दादरच्या छबिलदास शाळेत ज्या प्रायोगिक नाटकांनी मराठी रंगभूमीला नवं वळण दिलं, त्यांचं काय? त्यांचे प्रयोगच थोडे, प्रेक्षक थोडे, पैसे नाहीत. मग कोण चित्रित करणार? पुढच्या पिढ्यांनी काय पाहायचं ते बाजाराने ठरवलं, आणि आपण ते ठरवू दिलं.

सध्या क्लिपांचा सुळसुळाट आहे. ‘ती फुलराणी’तलं भक्ती बर्व्यांचं स्वगत कुणाच्या ना कुणाच्या फोनवर फिरत असतं. अप्रतिमच आहे ते. पण तो संताप आधीच्या प्रवेशांतून साठत आलेला असतो. त्या फुलवालीला कसं वागवलं गेलंय, तिच्या देखत तिच्याबद्दल कसं बोललं गेलंय, हे पाहिलं नसेल तर स्वगत म्हणजे नुसती स्पर्धेत म्हणायची गोष्ट होते. झालीही आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते म्हणणाऱ्या मुलींपैकी किती जणींनी नाटक पूर्ण पाहिलंय?

आणि पूर्ण नाटक मिळालं नाही की त्याची जागा सिनेमा घेतो. ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आलं. डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब, पुढे दत्ता भटांचे, सतीश दुभाषींचे. तीन नटांनी एकच माणूस तीन तऱ्हांनी उभा केला. आज तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, त्याच्यासाठी नटसम्राट म्हणजे २०१६चा सिनेमा. ‘कट्यार काळजात घुसली’चंही तसंच, १९६७च्या नाटकातले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब २०१५च्या सिनेमामागे झाकले गेले. सिनेमांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यामुळे नावं तरी जिवंत राहिली. पण सिनेमात समोर प्रेक्षक नसतो, आणि ही दोन्ही नाटकं समोरच्या प्रेक्षकाला धरूनच लिहिलेली आहेत. एक नटाबद्दलचं, दुसरं गवयांबद्दलचं.

बाहेर हे कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ साली नाटकं चित्रित करून सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातही ती दाखवली जातात. प्रेक्षकांनी भरलेल्या नाट्यगृहात, आधी कॅमेऱ्यांची वेगळी तालीम करून, नाटक कळणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली चित्रण होतं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी त्यातली काही यूट्यूबवर फुकट दाखवली आणि जगभरच्या लोकांनी घरी बसून पाहिली. त्यांच्याकडे ती काढून दाखवायला होती, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे त्याच दिवसांत लोक जुन्या, पुसट, मधेच तुटणाऱ्या प्रती एकमेकांना पाठवत होते.

न्यूयॉर्कचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९७० साली, म्हणजे आपल्याकडे ‘नटसम्राट’ आलं त्याच वर्षी, नाटकांच्या चित्रणाचा संग्रह सुरू केला. कलाकारांच्या आणि निर्मात्यांच्या संमतीने प्रयोग चित्रित करायचा, ग्रंथालयात ठेवायचा, आणि अभ्यासकाने तिथे येऊन, तिथेच बसून तो पाहायचा. बाहेर नेता येत नाही, प्रत काढता येत नाही. त्यामुळे ‘रेकॉर्डिंग आलं तर तिकीट कोण काढेल?’ हा निर्मात्यांचा प्रश्न तिथे उरतच नाही.

हे ठाण्यात का होऊ नये? आपल्याकडे १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं या गावाने पुस्तकं जपली. गडकरी आणि घाणेकर ही दोन्ही नाट्यगृहं महापालिकेची. समोर मध्यभागी एक कायमचा कॅमेरा, संपूर्ण रंगमंच दिसेल असा, कट न करता. चेहऱ्यांसाठी दुसरा. नटांचा आवाज आणि प्रेक्षकांचा आवाज वेगवेगळा घेतलेला. नांदी, निवेदन, टाळ्या, काहीही कापायचं नाही. सोबत तारीख, नाट्यगृह आणि पूर्ण संच लिहायचा, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत सांभाळणाऱ्यांसकट. जे नाटक चालू आहे ते संग्रहालयात बसूनच पाहता येईल. प्रयोग बंद झाल्यावर काही वर्षांनी निर्मात्याची हरकत नसेल तर पैसे भरून घरी. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलला फडके नाट्यगृह आहे, तिथेही हेच करता येईल. याला लागणारा पैसा एखाद्या रस्त्याच्या सुशोभीकरणापेक्षा कमीच असेल, असं मला वाटतं.

संमती हा यातला कळीचा मुद्दा आहे आणि तिथे मी अजिबात तडजोड करणार नाही. प्रयोगात बसून मोबाइल वर धरणाऱ्यांचं मी समर्थन करत नाही. त्यांनी समोरच्या नटाचं लक्ष उडवलेलं असतं, मागच्या रांगेच्या डोळ्यात उजेड मारलेला असतो आणि शेवटी हातात येतं ते कापरं, अर्धवट काहीतरी. लेखकाचा संहितेवर हक्क आहे, कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर कायद्यानेच हक्क आहे. कुणीतरी परस्पर चढवलेल्या नाटकाला लाखो व्ह्यूज मिळतात आणि लेखकाच्या घरी एक रुपया जात नाही, हे मला खटकतं. अधिकृत प्रत उपलब्ध असेल तिथे मी तीच पाहते, पैसे भरून पाहते. पण अधिकृत प्रत असावी तरी! ती नसते म्हणून चोरटी फोफावते.

तिकीटबारीचं म्हणाल तर आमच्या घरचं सांगते. ‘तो मी नव्हेच’ पाहिल्यानंतर भाचीने आपणहून विचारलं की घाणेकरला या आठवड्यात काय आहे, तिकीटविक्रीचा प्लॅन कधी उघडतो. त्याआधी तिला नाटकाला चल म्हटलं की अभ्यास आठवायचा. आता ती मैत्रिणींना घेऊन जाते. मी जेवढ्या घरांत हे पाहिलंय तिथे असंच झालेलं आहे.

शेवटी एक काम, आणि ते आपल्यापैकी कुणीही आजच करू शकतं. अनेक घरांत, विशेषतः नाटकात काम केलेल्या किंवा हौशी संस्था चालवलेल्या घरांत, माळ्यावर व्हीएचएस कॅसेट पडलेल्या असतात. आपल्या पावसाळी हवेत त्यांना बुरशी लागते, टेपवरचा थर सुटायला लागतो, आणि एकदा सुटला की चित्र परत येत नाही. बुरशी दिसत असेल तर कॅसेट घरच्या प्लेअरमध्ये घालू नका, टेप अडकून तुटते. आधी जाणकाराला दाखवा आणि डिजिटल करून घ्या. व्हीसीआर दुरुस्त करणारी माणसंही आता फार उरलेली नाहीत. तुमच्याकडे अशी कॅसेट असेल आणि कुठे न्यायची कळत नसेल, तर मला मेसेज करा. ठाणे, कळवा, वाशी, पनवेल, कुठेही असाल तरी मी येऊन घेऊन जाईन, आणि मूळ कॅसेट व प्रत दोन्ही तुमच्या हातात आणून देईन. कॅसेटवर नाव नसेल, कुठलं नाटक ते आठवत नसेल, तरीही फेकू नका. आई ओळखेल.