'एका रुपयात 290 डोंग' वाचून मुदत ठेव मोडण्याआधी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एक मजकूर सगळीकडे फिरायला लागतो. 'या सात देशांत आपला रुपया राजा आहे' असं काहीसं शीर्षक, खाली यादी. व्हिएतनाम : एका रुपयाला 290 डोंग. इंडोनेशिया : 185 रुपिया. कंबोडिया : 45 रिएल. दक्षिण कोरिया : 16 वॉन. मग हंगेरी, श्रीलंका, जपान. आणि तळाला ठळक अक्षरांत, 'गोव्याच्या खर्चात परदेशवारी! खिशात पन्नास हजार असतील तर तिथे तुम्ही करोडपती!'

गेल्या महिन्यात तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. माझ्या नणंदेने, ताईंनी, खाली विचारलं, "कंबोडियाचं जवळपास ठरलंय, आगाऊ रक्कम भरायची आहे. तुला काय वाटतं?"

मी नाशिकमधल्या एका पतसंस्थेत हिशोब बघते. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येणारी माणसं पूर्वी लग्न, दवाखाना, मुलांची फी अशी कारणं सांगायची. आता त्यांत फॉरेन टूरही असते. त्यात वावगं काहीच नाही. आयुष्यभर काटकसर केलेल्या आईवडिलांना एकदा विमानात बसवावं असं वाटणं मला तर फार चांगलं वाटतं. म्हणूनच हा मजकूर वाचून जीव कळवळतो. तो ज्या आकड्यावर उभा आहे त्या आकड्यावरून सहलीच्या खर्चाचा काही म्हणजे काही अंदाज येत नाही. ताईंना फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

'एका रुपयाला 290 डोंग, म्हणजे आपण तिथे श्रीमंत.'

समजा, उद्यापासून आपण सगळा व्यवहार पैशांत करायचा ठरवला. पगार पैशांत, भाजी पैशांत. एका डॉलरला मग 9 हजार पैसे मिळतील. तेवढ्याने अमेरिकन माणसाची नाशिकातली सहल स्वस्त होईल का? त्याला वडापावसाठी 20 रुपयांऐवजी 2 हजार पैसे मोजावे लागतील, इतकंच. चलनाचं एकक किती लहान आहे हा त्या देशाच्या इतिहासाचा भाग असतो. कधीकाळी महागाई भडकली, नोटांवर शून्यं वाढली आणि ती तशीच राहिली. तुर्कस्तानने 1 जानेवारी 2005 रोजी आपल्या लिराची सहा शून्यं काढून टाकली. दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा झाला. आदल्या रात्रीचा लक्षाधीश सकाळी गरीब झाला नाही, कारण पावाच्या किमतीतूनही तीच सहा शून्यं गेली होती.

आम्ही गेल्या दिवाळीत, 2025 मध्ये, हनोईला गेलो होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. तिथे फो नावाची नूडल्सची गरम वाटी साध्या दुकानात 50 ते 60 हजार डोंगना मिळते, म्हणजे आपले 170 ते 200 रुपये. नाशिकात चांगली मिसळ त्याहून कमी पैशांत पोटभर मिळते. व्हिएतनाम स्वस्त आहे, पण ते आपल्याकडच्या मध्यम हॉटेलासारखं स्वस्त आहे. राजासारखं राहण्याची भाषा तर मला फारच खटकते. 2024 मध्ये व्हिएतनामचं दरडोई उत्पन्न साधारण 4,700 डॉलर होतं आणि आपलं 2,700. ज्याची सरासरी कमाई आपल्यापेक्षा इतकी जास्त आहे, त्याच्या गल्लीत आपण करोडपती म्हणून कसे फिरणार?

शून्यांचा एक त्रास मात्र खरा आहे. त्यांची 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांची नोटही निळी. दोन्हींवर हो चि मिन्ह यांचंच चित्र. सासूबाईंनी जुन्या हनोईत एका फळवालीकडून कापलेला अननस घेतला आणि घाईत 20 हजारांऐवजी 5 लाखांची नोट पुढे केली. 70 रुपयांच्या जागी सतराशे रुपये. त्या बाईने नोट सासूबाईंच्या हातात परत दिली, त्यांच्या पाकिटातली बरोबर नोट बोटाने दाखवली आणि पाठमोऱ्या बाजूवरचं छप्पर असलेल्या पुलाचं चित्र दोनदा टकटकवलं. हा पूल दिसला की वीस हजार. त्यानंतर आम्ही दोन्ही नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. मोठी माणसं किंवा मुलं बरोबर असतील तर पहिल्याच दिवशी हे करा.

'जिथे एका रुपयाला जास्त चलन मिळतं तो देश स्वस्त, जिथे कमी मिळतं तो महाग.'

यादीतलाच जपान घ्या. एका रुपयाला 1.7 येन मिळतात, म्हणजे मजकुराच्या हिशोबाने तिथे रुपया वरचढ. टोकियो मेट्रोचं कमीत कमी तिकीट 180 येन, शंभर रुपयांच्या वर. सोलमध्ये एका रुपयाला 16 वॉन, पण मेट्रोचं तिकीट 1,550 वॉनपासून सुरू, म्हणजे पुन्हा शंभराच्या आसपास. मुंबई मेट्रोत दहा रुपयांपासून तिकीट आहे. चौघांचं कुटुंब दिवसातून चार वेळा मेट्रोत चढलं की सोलमध्ये सोळाशे रुपये गेले.

उलट थायलंडचा एक बाथ घ्यायला आपल्याला पावणेतीन ते तीन रुपये मोजावे लागतात. मलेशियाच्या एका रिंगिटला बावीस-तेवीस. या यादीत हे दोन्ही देश येऊच शकत नाहीत, तरी कुटुंबाला परवडणाऱ्या ठिकाणांत मी त्यांना टोकियो-सोलच्या कितीतरी आधी धरते. क्वालालंपूरमध्ये तमिळ लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे केळीच्या पानावरचा भात-सांबार, डोसा, इडली सहज आणि बेताच्या दरात मिळते. शाकाहारी आजी बरोबर असेल तर या एका गोष्टीने रोजच्या जेवणाचा खर्च किती खाली येतो, हे घर चालवणारीला विचारा. परदेशातली 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणजे सहलीतली सगळ्यात मोठी गळती.

(व्हिएतनामला जाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी, जाता जाता : तिथे दुकानावर 'चाय' अशी पाटी असेल तर ते शाकाहारी जेवण. आपल्या चहाशी संबंध नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येनंतर नवा महिना लागतो त्या दिवशी तिथली बरीच माणसं मांसाहार करत नाहीत, त्यामुळे ही छोटी दुकानं जागोजागी आहेत. बाहेरचं खाणं आम्ही त्यांच्यावरच निभावलं. नेहमीच्या दुकानात मात्र भाजीतही माशाचं सॉस असू शकतं.)

'गोव्याच्या खर्चात परदेश.'

हा दावा सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. म्हणून आमचा हिशोब उघड मांडते.

मोठ्या माणसाच्या साध्या पासपोर्टला 1,500 रुपये, मुलाच्या पासपोर्टला 1,000. आमचे पाचही नवे, म्हणून 6,500. मुलांचा पासपोर्ट फार तर पाच वर्षं चालतो, हेही लक्षात असू द्या. व्हिएतनामचा ई-व्हिसा माणशी 25 डॉलर, पाच जणांचे 11 हजार. विमानाची जाण्यायेण्याची पाच तिकिटं 1 लाख 35 हजार. मुलाला दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागते. नाशिक ते मुंबई विमानतळ गाडी, दोन्ही वेळचे मिळून साडेनऊ हजार. पाण्याची एक बाटलीही विकत घेतली नव्हती आणि 1 लाख 62 हजार खर्ची पडले होते.

गोव्याला जायचं तर नाशिक रोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि मडगावला उतरायचं. थ्री एसीने पाच जणांचं जाणं-येणं साधारण पंधरा हजार. दोन्हींतला फरक झाला 1 लाख 47 हजार. सहा रात्रींची सहल धरली तर हा फरक भरून निघायला हनोई गोव्यापेक्षा रोज साडेचोवीस हजार रुपयांनी स्वस्त असायला हवं. आमच्यासारखं कुटुंब गोव्यात दिवसाला एवढा खर्च करतच नाही, मग वाचवणार कुठून?

गोव्यातल्या टॅक्सीच्या आणि डिसेंबरअखेरच्या हॉटेलांच्या दरांबद्दल लोक चिडतात, त्यांचं चुकत नाही. दोघंच असाल, तिकीट स्वस्तात मिळालं असेल आणि तुलना नाताळातल्या समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलाशी असेल, तर दावा खराही ठरू शकतो. असे हिशोब मांडणारी बहुतेक मुलंमुली एकटी फिरतात, हॉस्टेलमध्ये एक खाट घेतात, रात्रीच्या बसने जातात. त्यांचा खर्च गुणिले पाच केला म्हणजे कुटुंबाचा खर्च निघत नाही. आजी वरच्या खाटेवर चढत नाही आणि आठ वर्षांचं मूल रात्रभर बसमध्ये बसून सकाळी देऊळ बघायला तयार होत नाही.

या हिशोबातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मोठा खर्च जाण्यायेण्याचा आणि तो एकदाच. तेव्हा जवळच्या स्वस्त देशात चार दिवसांऐवजी नऊ-दहा दिवस राहा आणि एकाच सहलीत तीन शहरं कोंबू नका. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. आम्ही इथून मेतकूट, पोह्यांचा चिवडा आणि खिचडीचं सामान नेलं होतं आणि रात्रीचं जेवण बहुतेक खोलीवरच केलं.

'तिथलं चलन कमकुवत, म्हणून तिथे सगळंच स्वस्त.'

इथे ताईंच्या कंबोडियाकडे येते. एका रुपयाला 45 रिएल मिळतात हे खरं, पण पर्यटकाला रिएल फारसा लागतच नाही. तिथे डॉलर राजरोस चालतो. हॉटेल डॉलरमध्ये, टुकटुकवाला भाडं सांगतो तेही डॉलरमध्ये. अंकोरच्या मंदिरांचा एक दिवसाचा पास 37 डॉलर, तीन दिवसांचा 62 डॉलर. म्हणजे तिथे आपला सामना थेट डॉलरशी आहे. तो 2014 मध्ये साठ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याने नव्वद ओलांडले. रिएलचा दर बघून अंदाजपत्रक करणारा तिथे पहिल्याच दिवशी गोंधळतो.

तुर्कस्तानचंही तसंच. लिरा वर्षानुवर्षं घसरतोय म्हणून 'आता इस्तंबूल स्वस्त' असं दर हंगामात कोणीतरी लिहितं. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली महागाई 85 टक्क्यांवर गेली होती. चलन पडतं तशा किमती चढतात. इस्तंबूलमधल्या हागिया सोफिया या प्रसिद्ध मशिदीचं परदेशी पाहुण्यांसाठीचं तिकीट जानेवारी 2024 पासून 25 युरो आहे, त्यात लिराचा प्रश्नच येत नाही. चलन कोसळल्यावर किमती वाढेपर्यंत काही काळ खरंच स्वस्ताई असते, पण तो काळ त्या देशासाठी वाईट असतो. 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया आपटला तेव्हा तिथे पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा होत्या. लहान मुलं घेऊन तिथे कोण गेलं असतं?

'पैसे बदलायची कटकट नको, कार्ड घासा.'

बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाच्या खरेदीला साडेतीन टक्के शुल्क लागतं, त्यावर 18 टक्के जीएसटी. लाख रुपयांच्या खर्चावर 4,130 रुपये जादा. निघण्यापूर्वी आपल्या बँकेला हा आकडा विचारा, कारण कमी शुल्काची कार्डंही असतात. दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की डोंगमध्ये?' असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर ते लावतात आणि तो आपल्या तोट्याचा असतो. टूर कंपनीकडून पॅकेज घेणार असाल तर त्यावर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. त्याचे दर आणि मर्यादा ऑक्टोबर 2023 पासून एकदा नव्हे, अनेकदा बदलल्या आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर लेखी घ्या. ही रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते, पण तोवर आपले पैसे अडकतात. ठेव किती मोडायची हे ठरवताना ती धरावी लागते.

यादीच्या तर्कात न बसणारे आणखी दोन शेजारी आहेत. नेपाळी रुपया 1993 पासून आपल्या रुपयाशी 1.60 ला बांधलेला आहे. डॉलर कुठेही जावो, काठमांडूतलं आपलं गणित फारसं हलत नाही, आणि प्रौढांना मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानचं ङुल्ट्रम तर रुपयाच्या बरोबरीचं. तिथे मात्र भारतीयांना माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. आमच्या पाच जणांचे रात्रीचे 4,800 झाले असते. चलन समान असूनही हा आकडा आधी माहीत नसेल तर अंदाजपत्रक कोलमडेल.

ताईंना मी कंबोडियाला नको म्हटलं नाही. विष्णूसाठी बांधलेलं बाराव्या शतकातलं ते अंकोर वाट त्यांना लग्नाआधीपासून बघायचं आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. आम्ही कागदावर दोन रकाने केले : डॉलरमध्ये जाणारे पैसे आणि इथेच रुपयांत भरायचे पैसे. डॉलरच्या रकान्यात 95 चा दर धरला, म्हणजे रुपया अजून घसरला तरी ऐनवेळी धावपळ नको. त्यात दिसलं की अंकोरचा पास बारा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, फक्त पासपोर्ट दाखवावा लागतो. ताईंच्या धाकट्याला जानेवारीत बारा पूर्ण होतात. ते मेऐवजी दिवाळीच्या सुट्टीतच निघतायत आणि ठरवलं होतं त्याच्या निम्मीच ठेव मोडतायत.