कोकणात बर्फ पडत नाही, कार्ब्युरेटरमध्ये पडतो

‘घरी बांधलेलं विमान म्हणजे पंख लावलेली बाईक’ असा एक मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपवर फिरतोय. परवानगी नको, धावपट्टी म्हणून ओहोटीची पुळण आहेच, पेट्रोल पंपावरचं, देखभाल बाईकसारखी, बर्फ नसल्यामुळे कार्ब्युरेटरला (इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) ऊब देणारा हीटर नको आणि एकदा उडालं की टेस्ट झाली. माझी हयात हँगरमध्ये गेली, आता मुक्काम रत्नागिरीजवळ. म्हणून गप्प बसवत नाही.

परवानगीचं थोडक्यात: स्वतः बांधलं म्हणून डीजीसीए, म्हणजे सरकारचं नागरी विमान वाहतूक खातं, सोडत नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईत लोकांनी पाहिलं. नोंदणी झाली 2017 मध्ये. पुळणीबद्दल तर काय बोलणार, तिथे रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढताना आपण बघतोच.

आता बर्फ. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि आतलं तापमान धाडकन खाली येतं. दमट हवेतली वाफ तिथेच गोठते. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचा, इशारा आहे की बाहेर 38 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असतानाही हे होऊ शकतं. आपल्याकडे 50 टक्के म्हणजे कोरडा दिवस! धोका जास्त उतरताना, थ्रॉटल कमी असताना. आरपीएम हळूहळू गळतात. हीटरची मूठ ओढली की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, ते आणखी खोकतं. नवखा माणूस घाबरून मूठ परत ढकलतो. तिथेच घात होतो. दम धरायचा, इंजिन सावरतं.

बाईकला खारी हवा लागली तर सायलेन्सर गंजतो. विमानात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो. मध्ये खारट ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वरून रंग शाबूत, फारतर एखादा फुगवटा. बोल्ट काढला की तांदळाच्या पिठीसारखी पांढरी भुकटी. म्हणून गोड्या पाण्याने धुवायचं आणि पंखांखालची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. वेग मोजण्यासाठी समोरून हवा घेणाऱ्या पिटो नळीला टोपी हवीच, नाहीतर कुंभारीण माशी आत चिखलाचं घर करते आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो.

पेट्रोल? पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाला 10 टक्क्यांपर्यंतच चालतं. शिवाय इथेनॉल पाणी पोटात घेतं, त्यामुळे सकाळी टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात पाणी वेगळं दिसतही नाही.

राहिली टेस्ट. अमेरिकेत अशा विमानाला साधारण 25 किंवा 40 तास चाचणीचे असतात, प्रवासी न घेता. कोणत्या वेगाला स्टॉल होतं, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात, मागे वजन वाढलं की नाक कसं वागतं, हे एकेक करून बघायचं. आणि पहिल्या उड्डाणानंतर पेढे वाटण्याआधी काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडायचं. नटावरून बोल्टवर आम्ही रंगाची एक रेघ ओढतो. ती तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला.

मेसेजमधलं एक मात्र खरं. ऑइल बाईकसारखंच बदलतात. फक्त जुना फिल्टर फेकायचा नाही. कापायचा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरायच्या आणि चुंबक फिरवून लोखंडाचे कण शोधायचे.