अनुभव काय झाडाला लागतो?

तबेल्यात साधं लीद उचलायचं काम मागितलं तरी पहिला प्रश्न तोच: "अनुभव किती?" अरे बाबांनो, कोणी घोड्याला हातच लावू दिला नाही तर अनुभव येणार कुठून? खरारा करणं (घोड्याचं अंग घासून साफ करणं), खूर साफ करणं, ओहोटीला समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे निघणाऱ्या गाडीला घोडा जुंपणं, हे सगळं बघतच अलिबागची पोरं मोठी होतात. नुसतं बघतच! किनाऱ्यावरच्या घोडेवाल्यांकडे घरचीच माणसं. आणि मुंबईकरांच्या फार्महाऊसवर (तिथे घोडा फोटोपुरता, पण थाट बघा) रेसकोर्सवर मुरलेला मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, पाहिजे. फारच मेहरबानी झाली तर, "ये, शीक, पगाराचं पुढे बघू." पुढे म्हणजे पावसाळा, तेव्हा किनाऱ्यावरचा धंदाच झोपलेला. वर आई म्हणते, कंपनीत कुठेतरी चिकट. जसे काय ते माझीच वाट बघतायत!